टीप क्रमांक एकतीस

रात्री दीड वाजता अहवाल उतरवून घेतला
शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून. दोनशे अठरा पानं.
तेव्हाच एमआयडीसीत वीज धड असते,
आमचं मशीन निवलेलं असतं
आणि जळगावचा मे भिंतींतून अजून बाहेर येत असतो.

सकाळी मुश्ताक पिंजारीच्या झेरॉक्सवर
पानं पडत गेली एकावर एक,
तव्यावरून उतरलेल्या कळण्याच्या भाकरीसारखी गरम.
"कोणती परीक्षा, ताई?"
मी म्हटलं, सातमाळ पॉलिफिट लिमिटेड.
"हां, ते ठिबकवाले. लई मोठं गेट आहे."

त्या गेटातून आमची खोकी आत जातात
घडी घालून, गठ्ठ्यानं,
आणि पोचपावती बाहेर येते.
बाकी काही बाहेर येत नाही, एवढ्यात तरी.

पहिली चाळीस पानं केळीच्या बागांची.
अध्यक्ष हसतात. एक बाई हसते,
लुगड्याला इस्त्री, हातात नळी, पायाला माती नाही.
मी त्यातच रमले असते.

झोपेकाकांनी एक जन्म दालमिलचे हिशेब लिहिले,
आता आमच्याकडे फक्त गुरुवारी येतात.
अंगठ्याला थुंकी लावून म्हणाले,
"मांगून वाच वं. पुढचं पाहुण्यांसाठी असतं.
बामणोदचं वांगं चकाकीवर घेतं का कोणी?
हातात तोलून पाह्य.
जड लागलं की समज, आत बिया."

म्हणून मागून.
अध्यक्षांच्या मेव्हण्याचं गोदाम:
भाडं दोन वर्षांत दुप्पट, गोदाम तेवढंच.
पडून असलेला माल. कोर्टातले दावे.
गेल्या सालचा अहवाल शेजारी मांडला, त्याच्या आधीचाही.
एकटा आकडा गप्प असतो;
तिघं एका सतरंजीवर बसवले
की लग्नातल्या भाऊबंदांसारखे बोलायला लागतात,
कोण जाड झालं, कोण आलंच नाही.

मग टीप क्रमांक एकतीस.
सूक्ष्म व लघु उद्योगांना
पंचेचाळीस दिवसांपलीकडे देणं असलेली रक्कम
(सर्व आकडे लाखांत):
निरंक.

माझ्या खणात अकरा बिलं.
एकोणीस लाख बत्तीस हजार.
सर्वांत जुनं एकशे सत्त्याऐंशी दिवसांचं,
त्याच्या कडा पिवळ्या पडायला लागल्यात.
पेन्सिल त्या शब्दात रुतली,
कागदाला भोक पडलं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"त्याच्यावरची ओळ वाच."

*कंपनीकडे उपलब्ध असलेल्या माहितीनुसार.*

"दिली होती का तू त्यांना माहिती?"

आमचं नोंदणीपत्र भिंतीवर आहे.
अण्णांनी फ्रेम करून लावलं, मनुदेवीच्या फोटोखाली,
एकच उदबत्ती पुरते दोघांना.
बिलावर मात्र तो नंबर नाही. कधी नव्हताच.
खोक्यांवर आम्ही सगळं छापतो,
ही बाजू वर, पाण्यापासून जपा, हुक लावू नये.
आम्ही कोण, ते तेवढं राहून गेलं.

काही बोलले नाही.
पंख्यानं दोन पानं उलटली.

दुपारी शिक्का करायला टाकला.
अकराही बिलांच्या प्रती, प्रत्येकीवर नंबर,
रजिस्टर पोस्टानं, मोठ्या गेटाच्या पत्त्यावर.
त्यांना काय माहीत नव्हतं, खोके कुठून येतात?
असेलही. पण "उपलब्ध" या शब्दाचं दार
आता माझ्या बाजूनं तरी बंद आहे.

पैसे हवेत मला, खोटं कशाला बोलू.
आणि नाहीच आले वेळेवर,
तर पुढच्या वर्षी, टीप एकतीस किंवा तेहतीस,
निरंकच्या जागी एक आकडा हवा,
दोन दशांश स्थळांपर्यंत,
ज्यात मी आहे.

जाताना काकांनी केळीची चाळीस पानं वेगळी काढली.
"पाठकोरी आहेत. फेकू नको."

त्यांच्या मागे आता मी खोक्यांची मापं लिहिते:
लांबी, रुंदी, उंची.
उधारीचे दिवस.